‘ठेवते’ म्हटल्यानंतरची अठ्ठावीस मिनिटं

तीर्थरूप मोठ्या मावशीस,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार; डाव्याला जरा अलगद, कारण त्याचा गुडघा दुखतो हे मला ठाऊक आहे. (आपल्या फोनांच्या सूचीत ‘गुडघा, डावा’ सत्तावीस वेळा आला आहे आणि ‘गुडघा, उजवा’ फक्त चार वेळा, त्यावरून उजवा बरा असावा असं मी धरून चालतो.) यापुढे इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे आणि मी ते लिहिलंही होतं, पण खोडलं, कारण हे पत्र खरं लिहायचं असं ठरवूनच बसलो आहे. इकडे आई ठीक नाही. ताप, खोकला काही नाही, जेवतेही वेळेवर. पण शिलाई मशीनवर चादर घातली त्याला आज सात आठवडे झाले, आणि त्याच सात आठवड्यांत रविवारी चारच्या आपल्या फोनवर तूही आलेली नाहीस. दोन्हीचं कारण एक आहे आणि ते कारण मी आहे. ही गोष्ट शेवटी लिहिणार होतो. पण कुणाचंही पत्र आलं की तू शेवट आधी वाचतेस (फोन क्रमांक नऊमध्ये तू स्वतः तसं म्हणाली आहेस), म्हणून शेवटी महत्त्वाचं काहीही लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. तू माझा फोन उचलत नाहीस. मामाकडून तुझा निरोप पोचला की भाच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे पोलीस चौकीत जबाब द्यायचा. ते मनाला लागलं, पण चुकीचं आहे असं म्हणवेना. पत्र कुठे नोंदलं जात नाही, तेव्हा निर्धास्तपणे वाच. शब्दांची मी काळजी घेतली आहे, अडलं तिथे शब्दकोश काढला आहे. नववीत शाळा सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ मी सोडलेलं नाही.

हे सगळं शिडीपासून सुरू झालं, हे तुला आठवत असेलच. तुम्हा चार भावंडांत मिळून एक शिडी, आणि गेल्या वर्षी ती कुणाकडे आहे हे कुणालाच सांगता येईना. तू म्हणालीस, मी आईकडे पाठवली. आई म्हणाली, मी धाकटीकडे दिली. धाकट्या मावशीने दवाखान्यातल्या ड्यूटीवरून सांगितलं की मला इथे मरायला फुरसत नाही, मी शिडीवर कशाला चढू. आणि मामा (ज्याचा डावा कान तीस वर्षांच्या बस चालवण्याने गेला, आणि उजवा तो सोयीनुसार वापरतो) सगळ्यांना हो म्हणाला. तीन रविवार शिडीवर गेले. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की मी फोनवर तसं सांगितलं होतं. मला हे सहन होईना. मी काम करतो त्या पंपांच्या सुट्या भागांच्या दुकानात चारशे बारा खण आहेत, आणि पाऊण इंची वॉशर मागितला तर डोळे मिटून मी तो काढून देतो. लोखंडाच्या चकतीला जी शिस्त आहे ती आपल्या माणसांच्या शब्दाला असू नये? त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे प्रत्येक रविवारचा फोन नोंदवायचा, त्याला क्रमांक द्यायचा, सूची करायची, म्हणजे कधीही कुणालाही हवा तो खण उघडून बघता येईल.

चोरून केलं नाही, हे तू मान्य करशील. पहिल्या फोनच्या सुरुवातीला मी माझ्याच आवाजात सूचना दिली होती की हे संभाषण पुढे ऐकता यावं म्हणून जपून ठेवलं जात आहे. (मामाला ती फोन कंपनीची वाटली. तो बराच वेळ एक दाबा, दोन दाबा कधी म्हणतात त्याची वाट बघत गप्प होता, आणि शेवटी त्याने आपणहून तीन दाबलं.) तुम्ही सगळ्यांनी होकार दिला होतात. चौथ्या फोनमध्ये मामाच्याच तोंडून निघालं की शिडी माझ्याकडे आहे, तिच्यावर वेल चढवलाय. पाचव्यात त्याने साफ नाकारलं, तेव्हा मी चौथा लावून ऐकवला. आणि मग तू म्हणालीस, शाब्बास रे फायलीराव. ते नाव मला तू दिलंस. त्या एका शाबासकीवर मी पुढचे सहा महिने काढले. एक जाड नोंदवही आणली, तिला रकाने आखले: क्रमांक, तारीख, कोण कोण होतं, विषय, एकूण वेळ, ठेवलेला वेळ. वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं: बोललेलं हवेत जातं, नोंदलेलं राहतं. (हे वाक्य माझंच आहे. आता ते आई माझ्या तोंडावर मारते.)

यातला ‘ठेवलेला वेळ’ हा रकाना नीट लक्षात ठेव, कारण गोम तिथेच आहे. आपल्या घरात कुणी ‘बरं, ठेवते मग’ म्हटलं की फोन संपत नाही, हे जगाला माहीत आहे. मी मोजलं आहे: पहिल्या ‘ठेवते’पासून खरोखर ठेवण्यापर्यंत सरासरी बावीस मिनिटं जातात. ठेव, ठेव, हो, ठेवते, ठेवतेस ना, अगं थांब, एक राहिलंच. मला वाटलं, हा सगळा खोक्यातला भुसा. दुकानात पंपाचा भाग येतो तेव्हा खोक्यात भोवताली कागदाच्या कातरणी भरलेल्या असतात. आपण भाग काढून खणात ठेवतो आणि कातरण फेकतो, तिचा खण करत नाही. म्हणून रविवारी संध्याकाळी मी प्रत्येक फोन पहिल्या ‘ठेवते’पाशी छाटत होतो आणि पुढचं पुसून टाकत होतो. एवढंच नाही, पहिलं ‘ठेवते’ ऐकू आलं की मी माझा फोन आणि शेजारी ठेवलेला नोंदवायचा जुना फोन, दोन्ही गादीवर तसेच सोडून चहा टाकायला जात असे. म्हणजे पुसलेलं मी ऐकलेलंही नाही.

आता फोन क्रमांक तेवीस. आई नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत मशीनपाशी तिच्या फोनवर होती आणि मी बाहेरच्या खोलीत माझ्या. मध्येच तिच्या फोनची बॅटरी संपली आणि ती चार्जर शोधायला लागली; त्या फोनवर ती परत आलीच नाही. नेमक्या त्या वेळी तू तिने शिवून पाठवलेल्या पडद्यांचा विषय काढलास. तुझं वाक्य मला पाठ आहे, कारण नोंदवहीत मीच ते उतरवलं: एक पडदा चांगला चार बोटं आखूड आहे, हिची नजर गेली आता, कुणीतरी हिला सांगा की शिवण सोड म्हणावं. त्यावर मामा म्हणाला, हं, बरं, ठेवतो मग. आणि मी चहा टाकायला उठलो.

आईला मी काही सांगितलं नाही. माझ्या मनात पाप नव्हतं. मी फक्त सूचीत नोंद केली: ‘पडदे: सहा वेळा (स्तुती पाच, इतर एक)’. सूची नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर ठेवली, सगळ्यांना चाळता यावी म्हणून, कारण चाळता येत नसेल तर ठेवायचं कशाला. आईने बुधवारी ती चाळली. स्तुतीचे पाच तिने मन लावून ऐकले, दोन तर दोनदा. मग मला विचारलं, इतर म्हणजे काय रे? मावशी, त्या वेळी ‘विशेष काही नाही’ असं म्हणणारा भाचा देवाने तुला द्यायला हवा होता. मी म्हणालो, तेविसावा, चव्वेचाळिसावं मिनिट.

पुढचं तू फोनवर ऐकलंसच. चोविसाव्या रविवारी आईने तुला विचारलं, माझी नजर गेली का गं? तू म्हणालीस, अगं ते मी त्याच दिवशी, तिथल्या तिथे मागे घेतलं होतं, विचार सगळ्यांना. धाकटी मावशी तेविसाव्या फोनच्या दिवशी लवकर ड्यूटीवर गेली होती. मामा म्हणाला, हो हो. पण मामाच्या हो-हो वर कुणी शिडीही दिली नसती. आई म्हणाली, फायलीत आहे का? आणि मी काय केलं? मी तेविसावा फोन चव्वेचाळिसाव्या मिनिटापासून पुन्हा शेवटपर्यंत ऐकला (माझा शेवट), आणि एका कागदावर लिहिलं: ‘तपासले. माघार घेतल्याचे आढळले नाही.’ खाली तारीख, सही. तो कागद फोनवर मोठ्याने वाचून दाखवला. तू म्हणालीस, चांगलं आहे, आता माझ्यापेक्षा ते डबडं खरं. आणि ठेवलंस. एकदाच ‘ठेवते’ म्हणून खरोखर ठेवलंस. आपल्या घरात असं कधी झालेलं नाही.

त्या दिवशी आईने मशीन पुसलं, तेल दिलं, सुई काढून डबीत ठेवली आणि वर चादर घातली. चादरीवर आता इस्त्रीचे कपडे ठेवते, म्हणजे परतीचा विचार नाही असा अर्थ मी काढला. पडद्यांचा दुकानदार दोनदा कापड घेऊन आला. दोन्ही वेळा तिने सांगितलं की माझी नजर अधू झाली, दुसरं कुणी बघा. नजर तपासायला चल म्हटलं तर म्हणते, मोठ्या बहिणीने बघितली तेवढं पुरे. आणि दुपारी मी जेवायला घरी येतो तेव्हा खिडकीशी उभी राहून सुईत दोरा ओवून बघत असते. पहिल्या झटक्यात ओवला जातो. मी म्हटलं, बघ, गेला की! तर म्हणे, अंदाजाने गेला.

मला माझी चूक दोन आठवड्यांपूर्वी कळली, आणि ती कशी कळली हे सांगायला लाज वाटते. दुकानात नवीन पंप आला. मी भाग मोजून घेतले, खणांत लावले, कातरण भरभरून मागच्या पिंपात टाकली. तासाभराने मालक म्हणाले, झडपेची स्प्रिंग कुठाय? करंगळीच्या नखाएवढी असते. मी म्हटलं, आलीच नाही. मालक म्हणाले, लेका, ती कातरणीतच असते, लहान वस्तू नेहमी कातरणीतच असते. जा, पिंपात उतर. मी उतरलो. गळ्यापर्यंत कागदात उभा राहून एकेक पट्टी झाडत होतो, आणि स्प्रिंग हाताला लागली त्याच क्षणी मला तेविसावा फोन आठवला. तसाच घरी गेलो (मालकांना विचारून) आणि नोंदवही काढली. एकूण वेळ, एक तास चौदा मिनिटं. ठेवलेला वेळ, शेहेचाळीस मिनिटं. अठ्ठावीस मिनिटं मी कातरणीसारखी फेकून दिली होती आणि वर ‘आढळले नाही’ अशी सही केली होती. पुसलेलं फोनमध्ये तीस दिवस पडून असतं म्हणतात. तेही कधीच उलटून गेले होते. आजवर एकोणतीस फोनांची मिळून दहा तास चाळीस मिनिटं मी अशीच टाकली आहेत. त्यात कुणाकुणाची माफी, कुणाचा होकार, कुणाची कबुली गेली, देव जाणे. आपल्या घरात खरं बोलणं ‘ठेवते’नंतरच सुरू होतं, हे चारशे बारा खण सांभाळणाऱ्या माणसाला समजू नये!

दुसऱ्याच दिवशी मी मामाकडे गेलो. उजव्या कानाच्या बाजूला बसलो आणि विचारलं, मी चहा टाकायला गेलो तेव्हा मोठी मावशी काय म्हणाली? मामा आधी म्हणाला, हो हो. मी म्हटलं, मामा, हो हो नको, काय ते सांग. तेव्हा त्याने वेलाकडे बघितलं (शिडी अजून तिथेच आहे) आणि सांगितलं, की तू मोजायची टेप शोधत होतीस, फोनवरच बडबडत, खण उघडत; मग खिडकी मोजलीस; मग ओरडलीस की अरे, पडदा नाही आखूड, ही दुसरी खिडकीच चार बोटं खाली आहे, उगाच मी तिच्या नजरेला बोल लावला, माझी जीभ झडो. मामा म्हणाला, मग मला डुलकी लागली. एवढं मला पुरेसं होतं. पण गेल्या रविवारी त्याने हे आईला सांगायला तोंड उघडलं, नुसतं ‘अगं, तेविसाव्या फोनला ताई’ एवढंच म्हणाला, तर आई म्हणाली, फायलीत आहे का? नसेल तर तू बोलूच नको. आणि ‘ठेवते’ न म्हणताच ठेवलं. मीही सांगायचा प्रयत्न केला. तिने माझीच सही केलेला कागद माझ्यापुढे धरला.

तेव्हा मी पुढीलप्रमाणे ठरवलं आहे आणि त्यात बदल होणार नाही. तो कागद मी रद्द केला आहे. त्यावर आडवी रेघ मारून, पुन्हा सही करून सोबत पाठवत आहे, तू फाडलास तरी चालेल. फोन नोंदवणं मी बंद करणार नाही. धाकटी मावशी म्हणते, जाळ ती वही. नाही जाळणार. चूक ठेवण्यात नव्हती, छाटण्यात होती. यापुढे शेवटचा माणूस शेवटचं ‘ठेव’ म्हणेपर्यंत एक सेकंदही पुसणार नाही, आणि चहा आधीच करून ठेवीन. गेले दोन रविवार मी काहीच छाटलेलं नाही. पण खरं सांगू, छाटायला काही उरलंच नव्हतं. तू नसताना ‘ठेवते’पासून ठेवण्यापर्यंत दीड मिनिट लागतं.

गुडघ्याला जप. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद द्यायचं माझं वय नाही, त्यांना नुसतं विचारलं म्हणून सांग.

तुझा चुकलेला भाचा,
फायलीराव

ता.क. शेवटी महत्त्वाचं काही लिहिणार नव्हतो, पण एक राहिलंच. येत्या रविवारी चार वाजता तू फोनवर ये. टेप हाताशी घेऊन त्या खिडकीपाशीच बस. सुरुवातीला काही बोलू नकोस, कारण सुरुवातीला आपल्याकडे कुणाला खरं बोलता येत नाही. मामाला मी शिकवून ठेवलं आहे. तो पाचव्या मिनिटालाच ‘ठेवतो मग’ म्हणेल. मग तू खिडकी मोज आणि तेव्हा म्हणालीस ते सगळं पुन्हा म्हण, जीभ झडो वगळून. आईच्या फोनची बॅटरी मी भरून ठेवीन. फायलीत एकदा आलं की ती मशीन उघडेल. तिचं दुसऱ्या कशानेच समाधान होणार नाही.

ता.क. दुसरा. पत्र कुठे नोंदलं जात नाही असं वर लिहिलं आहे. याची मी एक नक्कल ठेवली आहे. सवयीने. माफ कर.

ता.क. तिसरा. घात झाला. नक्कल मी टेबलावर विसरलो आणि आईने चाळली. पूर्ण वाचली, दोनदा. मी दारात उभा होतो. खिडकी खाली आहे असं तू म्हणालीस तिथे ती थांबली आणि एकदम हसायला लागली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाली, खोटारडी! दोन्ही खिडक्या अगदी सारख्या आहेत, ती राहायला गेली तेव्हा मी माझ्या हाताने मोजल्यात. पडदाच आखूड आहे. कापडच चार बोटं कमी भरलं, मला वाटलं दुमड बारीक घेतली की कळणार नाही तिला. मी विचारलं, म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं? मग नजरेचं काय, चादरीचं काय, सात आठवडे काय? तर म्हणाली, नजरेची थोडी भीती वाटलीच, खोटं कशाला बोलू. पण तिला कळलं आणि मला सोडून सगळ्यांना सांगितलं, त्याचं जास्त लागलं. आणि त्याच तोंडाने माझ्यासाठी खिडकी खाली केली, हे मला कुणी सांगितलंच नाही. (मावशी, मी सांगत होतो. मामाही सांगत होता. असो.)

ता.क. चौथा. इस्त्रीचे कपडे आता माझ्या पलंगावर आहेत आणि चादर धुवायला टाकली आहे. आई विचारते, आखूड पडदा डावीकडचा की उजवीकडचा? त्याच रंगाची पट्टी ती जोडून देणार आहे. रविवारी खिडकी मोजायची गरज नाही म्हणते, खोटं नोंदवून ठेवायचं नाही, नुसती ये.

ता.क. पाचवा. पाकीट मी तीनदा चिकटवलं आणि तिने तीनदा उघडायला लावलं. आता म्हणाली, झालं, चिकटव. मी डिंक लावला, तर म्हणते, थांब, एक राहिलं. त्या आखूड पडद्याखालून दुपारी ऊन आत येतं का, ते विचार. तुझी खुर्ची तिथेच असते ना? डाव्या गुडघ्यावर येत असेल तर पट्टी जोडायची नाही म्हणते, राहू दे तसाच.